नाही घेतलं तर काय होतं?

वयाच्या साठाव्या वर्षी मी डॉक्टर झाले. पदवी खांदेश्वरच्या माझ्या नणंदेने दिली आणि देताना मला विचारलंही नाही. डेंग्यूवर पपईच्या पानांचा रस किती गुणकारी आहे, असा एक मेसेज मी आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिला होता. तो नणंदेकडे गेला, तिच्याकडून तिच्या भजनी मंडळात गेला, तिथून कुठेकुठे फिरला आणि काही दिवसांनी माझ्याच फोनवर परत आला. तेव्हा त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘डॉ. सौ. शिंदे, सानपाडा, यांचा स्वानुभव’. मी तेव्हा लहान होते, म्हणजे साठ वर्षांची, त्यामुळे मला रागाऐवजी बरंच वाटलं. टेलिफोन खात्यात जन्मभर बिलांच्या तक्रारी ऐकलेल्या बाईला कोणी डॉक्टर म्हटलं तर ती लगेच ‘नाही’ म्हणत नाही. निदान मी म्हटलं नाही. त्या न म्हणण्यापायी एका पोरीच्या जिवावर बेतलं, आणि ते ‘नाही’ माझ्या तोंडून ज्यांनी वदवून घेतलं त्या मुकादमबाईंविषयी मला सांगायचं आहे.

सकीना मुकादम आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहायच्या. एका वैद्यकीय महाविद्यालयात त्या ग्रंथपाल होत्या, निवृत्त झाल्यावर सानपाड्यात आल्या. लग्न केलं नव्हतं. माहेर उरणच्या अलीकडचं, खाडीकाठचं एक गाव. उंच, हडकुळ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण पुस्तक परत करायला उशीर केलाय. दुपारी त्या आपल्या दारापुढच्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून काहीतरी निवडत, सोलत बसायच्या. येणाराजाणारा थांबून दोन शब्द बोलायचा आणि तिथेच फसायचा.

फसायचा म्हणजे असं. कोणी म्हणालं की अमुक वस्तू तमक्या आजारावर फार चांगली, की मुकादमबाई हातातलं काम खाली ठेवायच्या. लसूण असेल तर लसूण, तांदूळ असतील तर तांदूळ. मग विचारायच्या, “नाही घेतलं तर काय होतं?” एवढं विचारून गप्प बसायच्या आणि उत्तराची खरोखर वाट बघायच्या. प्रश्नाचं काही नाही, पण ती वाट बघणं फार वाईट होतं. आमच्या मंडळाच्या नाईकबाईंनी एकदा त्यांना सकाळच्या मध-लिंबू-कोमट पाण्याबद्दल सांगितलं.

“नाही घेतलं तर काय होतं?”

“वजन वाढतं.”

“तुम्ही कधीपासून घेताय?”

“झाली की दहाएक वर्षं.”

मुकादमबाईंनी नाईकबाईंकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि लसूण परत उचलला. नाईकबाई पुढे बरेच दिवस मागच्या गेटने जात असत.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीमागे पपईचं एक झाड होतं. जागा सोसायटीची, पण झाड त्यांनी लावलेलं. आमची ओळख त्या झाडावरून झाली, आणि ती मी चोरी केल्यामुळे झाली.

त्या वर्षी आमच्या ह्यांना डेंग्यू झाला. डॉक्टरांनी सांगितलं, भरपूर पाणी, तापाची साधी गोळी, विश्रांती, आणि रोज रक्त तपासायला या. एवढाच सल्ला. मला तो फारच तोकडा वाटला. घाऊक बाजारात उभं आयुष्य हिशेब लिहिण्यात घालवलेल्या माणसाला इतक्या स्वस्तात बरं करायचं म्हणजे काय! मी फोन उघडला आणि लिहिलं, ‘पपईच्या पानांच्या रसाचे डेंग्यूवर फायदे’. फोनने मला फायदे दिले. पानंच्या पानं दिली. कुठे रस काढायची कृती, कुठे हसऱ्या म्हाताऱ्याचा फोटो. एकानेही मला ‘जरा थांब’ म्हटलं नाही. इतका एकमुखी पाठिंबा मला लग्नातही मिळाला नव्हता.

मग दुपारी जेवणानंतर मुकादमबाई घटकाभर झोपल्या की मी मागच्या बाजूने जायची, पानं तोडायची आणि पदराखाली धरून वर आणायची. मिक्सरमधून काढलेला तो हिरवागार रस मी ह्यांच्यापुढे धरला.

“काय आहे हे?” ह्यांनी विचारलं.

“औषध.”

“कशावरचं?”

“प्या म्हटलं ना.”

ह्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “अगं, डेंग्यू परवडला.”

तरी रोज दोन चमचे दोन वेळा मी पाजलाच. आधी प्लेटलेट खाली गेल्या, मग चढल्या, हे बरे झाले, आणि मी ग्रुपवर तो मेसेज लिहिला. खाली इतके अंगठे आले की मला वाटलं, आपण नोकरीत उगाच वेळ घालवला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात मुकादमबाई. हातात पपईचा एक लांबलचक उघडाबोडका देठ.

“शिंदेबाई, हा देठ तुमचा का?”

“माझा कसा असेल? झाड तुमचं.”

“पान तुमच्याकडे आहे ना, म्हणून विचारलं.”

खोटं बोलायची सोय त्यांनी ठेवली नव्हती. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी जरा ताठ होऊन म्हटलं, “रसाने ह्यांच्या प्लेटलेट वाढल्या.”

“नाही पाजला असता तर काय झालं असतं?”

“वाढल्या नसत्या.”

“बी विंगमधल्या कुलकर्ण्यांच्या मुलालाही डेंग्यू होता. तो प्यायला का रस?”

“त्याला वास सहन होत नाही.”

“मग आता कसा आहे तो?”

मी गॅलरीतून खाली बघितलं. “क्रिकेट खेळतोय.”

“त्याच्या कोणी वाढवल्या?”

“तो तरुण आहे.”

“आणि त्याची बायको वेगळी आहे,” आतून हे म्हणाले.

“त्याचं लग्न नाही झालेलं!” मी ओरडले.

“तेच म्हणतोय,” हे म्हणाले.

मुकादमबाई हसल्या नाहीत. त्या बहुतेक हसायच्याच नाहीत. फक्त चष्मा काढून पुसायच्या. तो त्यांनी पुसला. “संध्याकाळी खाली या. फोन घेऊन या, पानं आणू नका.”

संध्याकाळी त्यांनी मला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खायला घातली, आणि मग माझा फोन माझ्यापुढे ठेवला. “तुम्ही काय शोधलंत ते मोठ्याने वाचा.” मी वाचलं. “ह्यातला ‘फायदे’ हा शब्द कोणी लिहिला?”

“मी.”

“मग फायदेच येणार. तुम्ही प्रश्न विचारलाच नाहीत, शिंदेबाई. तुम्ही साक्षीदार बोलावलेत, तेही फक्त आपल्या बाजूचे.”

मला राग आला, तो त्यांच्या लक्षात आला असावा. त्या म्हणाल्या, “तुम्ही एकट्या नाही. आमच्याकडे चांगले शिकलेले डॉक्टर यायचे. मॅडम, ह्या औषधाच्या बाजूचे चार पेपर काढून द्या. मी म्हणायची, विरुद्ध बाजूचे किती देऊ? ते नकोत म्हणायचे, प्रबंध पुढच्या आठवड्यात द्यायचाय.”

“मग तुम्ही काय करायच्या?”

“बाजूचे चार द्यायची. मधे एक विरुद्धचा घालून.”

दोन विभागप्रमुखांनी त्यांची बदली मागितली होती, असं मला पुढे दुसऱ्याच कोणाकडून कळलं. त्या स्वतः हे कधी बोलल्या नाहीत. त्यांच्या लेखी ती ग्रंथालयातली नेहमीची देवघेव होती.

मग त्यांनी मला मी वाचलेलं पहिलंच पान खालपर्यंत सरकवायला लावलं. मी तेवढ्या खाली कधी गेलेच नव्हते. तळाशी पपईच्या पानांच्या गोळ्यांची बाटली विकायला होती. “लिहिणारा आणि विकणारा एकच,” त्या म्हणाल्या. “तो खोटंच बोलतो असं नाही. पण त्याला विचारून तुम्हाला काय कळणार?”

नंतर स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्यांनी नव्याने शोधलं, ‘फायदे’ न लिहिता. कोणत्या माणसांना, काय दिलं, ज्यांना नाही दिलं त्यांचं काय झालं, आणि नेमकं काय मोजलं, एवढंच त्या बघत होत्या. सुटा एखादा अभ्यास दिसला की त्या पुढे जायच्या. “एकट्याला धरून बसायचं नाही. कोणीतरी सगळे गोळा करून, चाळून, त्यांचा एकत्र आढावा घेतलाय का ते बघायचं. कधी घेतलाय तेही बघायचं.” तसा आढावा सापडला. इंग्रजी होता. त्या वाचत गेल्या आणि मला मराठीत सांगत गेल्या. अभ्यास छोटे होते, बरेचसे ढिले होते. काहींत रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट जरा लवकर वाढलेल्या दिसल्या. पण त्यामुळे रक्तस्राव कमी होतो का, माणसं वाचतात का, हे नीट कोणी तपासलेलं नव्हतं.

“म्हणजे उपयोग आहे,” मी म्हटलं.

“माहीत नाही.”

“म्हणजे नाही?”

“माहीत नाही म्हणजे माहीत नाही. त्याला नाही म्हणत नाहीत, हो पण म्हणत नाहीत.”

“पण प्लेटलेट तर वाढतात!”

“प्लेटलेटचा आकडा म्हणजे माणूस नव्हे, शिंदेबाई. आकड्याला काय, तो नंतर आपोआपच चढतो. माणसाचं बघायचं.” मग त्यांनी दुसरं एक पान उघडलं. “आता हे बघा. हे मात्र माहीत आहे.” डेंग्यूत ताप उतरला की लोक पेढे आणतात, आणि खरं लक्ष नेमकं तेव्हाच ठेवायचं असतं. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, माणूस गळून गेला किंवा उगाच बेचैन झाला, तर घरी एक मिनिट थांबायचं नाही. हे त्यांनी माझ्या तोंडून परत वदवून घेतलं. मी म्हटलं, आणखी एक भाकरी खाल्ली, वर गेले आणि मेसेज तसाच ठेवला. इतके अंगठे आलेली गोष्ट खोडणं माझ्या जिवावर आलं.

त्यानंतर तो मेसेज मला डॉक्टर करून परत आला. मी तो मुकादमबाईंना मुद्दाम नेऊन दाखवला. वाटलं, आतातरी चष्मा पुसतील. त्यांनी तो शांतपणे वाचला. मधल्या प्रवासात माझ्या दोन चमच्यांचा एक ग्लास झाला होता, आणि शेवटी कोणीतरी एक ओळ जोडली होती, ‘हॉस्पिटलची गरज नाही.’

“शेवटची ओळ तुमची?”

“छे! मी कशाला असं लिहीन?”

“मग तुमच्या नावाच्या वर ती काय करतेय?”

मी म्हटलं, लोक काहीही जोडतात, मी तरी काय करणार. त्या म्हणाल्या, “लिहा. हे माझं नाही, मी डॉक्टर नाही, आणि ताप उतरल्यावर काय बघायचं तेही लिहा.”

“लोक काय म्हणतील? मी ग्रुपची ॲडमिन आहे.”

“मग दोन ओळी जास्त लिहा.”

मी उद्या लिहिते म्हणाले. रोज त्यांच्या दारावरून जाताना मी आपणहून सांगायची, “उद्या नक्की.” त्या नुसती मान हलवायच्या. त्यांनी मला पुन्हा एकदाही टोकलं नाही, आणि हेच मला जास्त लागायचं.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला. “खाली या. चपला घालून या.”

खाली पपईपाशी भोईरकाकी उभ्या होत्या, हातात पानं ओढायची आकडी. भोईरकाकी मूळच्या सानपाडा गावच्या. आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्यांचं भातशेत होतं. ते गेलं, त्या जागेवर बिल्डिंगी झाल्या, आणि काकींचं घर आमच्याच वरच्या मजल्यावर आलं. त्यामुळे पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत काकींना विचारल्याशिवाय आमच्याकडे काही होत नसे. त्यांची सून प्राजक्ता उरणला एका कंटेनरच्या गोदामात ऑफिसचं काम बघायची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जाताना रोज जिन्यात “येते हं मावशी” म्हणायची, एवढीच माझी तिची ओळख.

“अगो शिंदेबाय, बरी आलीस,” काकी म्हणाल्या. “ही बघ, पाना काराला देत नाय. माझे सुनंला डेंगू हाय. तुझाच औषद देताव.”

मुकादमबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “काकी, ताप किती आहे ते सांगा ना ह्यांना.”

“ताप नाय आथां. काल उतारला. पन उलट्या थांबत नाय, नि पोट धरून बसलीय सकालपासून. रस कडू ना, म्हनून व्हतंय.”

मी मुकादमबाईंकडे बघितलं. मला वाटलं, त्या बोलतील. इतकी वर्षं वैद्यकीय ग्रंथालयात काढलेली बाई, तिने बोलायला नको? त्या हळूच म्हणाल्या, “माझं नाही ऐकणार त्या. त्यांच्या डॉक्टर तुम्ही आहात.” आणि त्या झाडाकडे बघायला लागल्या.

मी अजूनही एक पळवाट काढून बघितली. आवाज जरा जड केला आणि म्हटलं, “काकी, मी सांगते, तिला आता हॉस्पिटलात न्या.”

काकींनी फोन माझ्या नाकापुढे धरला. “आनि ह्या कोनी लिवलाय? हास्पिटलची गरज नाय. खाली नाव तुझा. डाक्टर शिंदे.”

“ते मी नाही लिहिलं.”

“मंग नाव?”

“नाव माझं आहे.”

“मंग?”

वरच्या मजल्यावर ती पोर पोट धरून बसली होती आणि मी खाली उभी राहून अजून हिशेब करत होते की उद्या मंडळात काय तोंड दाखवायचं. हे लिहितानाही मला त्या साठ वर्षांच्या बाईचे कान उपटावेसे वाटतात. शेवटी मी बोलले, ते असं, “काकी, मी डॉक्टर नाही. मी टेलिफोनमध्ये होते. रसाने आमचे हे बरे झाले की आपोआप झाले, ते मला माहीत नाही. पण ताप उतरल्यावर पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, म्हणजे धोका आहे. हे माहीत आहे. हे मी मनाचं बोलत नाही.”

काकींनी फोन खाली घेतला. “माहीत नाय, आनि लोकांना रस पाजाला सांगतेस?”

“हो.”

“येरी हास काय गो तू? डोका फिरलाय?”

“हो.”

त्या वर्षभरात मी आरोग्यावर जेवढं म्हणून बोलले, त्यात एवढी दोनच उत्तरं पूर्ण बरोबर होती.

काकींनी आकडी तिथेच टाकली. वर गेलो तर प्राजक्ता भिंतीला टेकून बसली होती, हात गार, ओठ पांढरे. मला बघून म्हणाली, “मावशी, रस घेतला मी सगळा.” तक्रार म्हणून नाही, आज्ञाधारक मुलगी सांगते तसं. रिक्षात काकी आणि मी तिला मधे धरून बसलो. मुकादमबाई मागून दुसऱ्या रिक्षाने आल्या. तोवर त्यांनी हॉस्पिटलला फोन करून खाट मोकळी आहे का ते विचारून ठेवलं होतं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारलं. ताप कधी उतरला, उलट्या कधीपासून, लघवी होतेय का, घरी काय दिलं. शेवटच्या प्रश्नाला काकींनी माझ्याकडे बोट केलं. “तिला विचारा.”

“तुम्ही कोण?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“शेजारीण,” मी म्हटलं.

रक्तदाब फार खाली गेला होता. रक्तातलं पाणी आतल्या आत झिरपत होतं. त्यांनी लगेच सलाईन लावलं, तिला अतिदक्षता विभागात नेलं, आणि म्हणाल्या की पुढचा दीड दिवस आम्हाला तिच्याजवळून हलता येणार नाही, तो गेला की सांगू. काकी बाकावर बसल्या आणि एकदम लहान दिसायला लागल्या. मी रडायला लागले. मुकादमबाईंनी माझ्या पिशवीतून माझाच फोन काढला आणि माझ्या हातात दिला.

“आता?” मी म्हटलं.

“रडा, पण लिहीत रडा. कोणाच्या तरी घरी आत्ता मिक्सर लागलेला असेल.”

मी लिहिलं. त्यांनी वाचलं. “‘गैरसमज झाला असल्यास क्षमस्व’ एवढं काढा. झाला असल्यास काय? झाला. तुम्ही केलात.” मी काढलं. “‘कदाचित’ कशाला?” तेही काढलं. धोक्याची लक्षणं त्यांनी सगळ्यांत वर लिहायला लावली आणि माझी माफी खाली. “लोक खालपर्यंत वाचत नाहीत. तुम्ही वाचलं होतंत का?”

मेसेज गेला. उत्तरादाखल दोन अंगठे आले, एक फुलांचा गुच्छ आला, त्यावर ‘शुभ दुपार’ लिहिलेलं, आणि नाईकबाईंनी विचारलं की मग पपईच्या बिया चालतील का.

प्राजक्ता वाचली. आठवड्याने घरी आली, पंधरा दिवसांनी जिन्यात भेटली. चेहरा अजून उतरलेला. मी काय बोलावं ते न सुचून विचारलं, “कशी आहेस?” ती म्हणाली, “बरी आहे. मावशी, तुमचा तो मेसेज काल मला परत आला. पहिला. ग्लासवाला.”

“कोणी पाठवला?”

“माझ्या आईने. खाली लिहिलंय, काळजी घे.”

मी त्याच दिवशी तिच्या आईला फोन केला. मग नणंदेला, मग नणंदेच्या भजनी मंडळाच्या एकेकीला. “मी डॉक्टर शिंदे बोलतेय, जी डॉक्टर नाही,” अशी सुरुवात करायची. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी चुकीचा नंबर म्हणून ठेवला, आणि एकीने मला तिच्या गुडघ्यांविषयी विचारलं. मुकादमबाईंनी मला शिकवलं होतं, तेच तिला म्हटलं, “माहीत नाही. बघून सांगते.”

हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. पुढे सोसायटीतल्या बायका दुपारी त्यांच्याकडे आपापले प्रश्न घेऊन यायला लागल्या आणि प्रत्येकीला हेच ऐकायला मिळायचं. त्या खरंच बघायच्या आणि खरंच सांगायच्या; कधीकधी इतक्या उशिरा की दुखणं तोवर आपणहून निघून गेलेलं असायचं. गोळी घ्या किंवा घेऊ नका, असं त्यांनी कोणाला कधीच सांगितलं नाही. डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगायच्या. “उत्तरं त्यांच्याकडे आहेत हो. वेळ नसतो त्यांना. तुम्ही प्रश्न नीट न्या.” आमचे फॅमिली डॉक्टर एकदा मला म्हणाले, “शिंदेबाई, तुमच्या बिल्डिंगमधले पेशंट आले की मला घाम फुटतो.” मी हे मुकादमबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

त्या काही देवता नव्हत्या. दर थंडीत स्वतःच्या गुडघ्यांसाठी त्या डबाभर मेथीचे लाडू करायच्या. मी एकदा संधी साधली आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, “नाही घेतले तर काय होतं?” त्यांनी लाडू तोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “थंडी बेचव जाते.”

दोनेक वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं वाढलं तेव्हा त्यांची पुतणी त्यांना गावी घेऊन गेली. मी तिथे जाऊन भेटले. खाडीकडच्या खोलीत उशांना टेकून बसल्या होत्या, पाय सुजलेले, आवाज अर्धा. स्वतःच्या दुखण्याविषयी त्यांनी सगळं शोधून, वाचून ठेवलं होतं आणि पुढे काय होणार तेही त्यांना ठाऊक होतं. मला म्हणाल्या, “ह्यात ‘माहीत नाही’ म्हणायला फारशी जागा नाही.” मी विषय बदलला. मला रडू येऊ नये म्हणून मी माझीच बढाई मारायला लागले. आता मी ग्रुपवर कसलाही उपाय तपासल्याशिवाय जाऊ देत नाही, नातीच्या सर्दीलाही आधी प्रश्न विचारते, नणंद मला फॉरवर्ड पाठवायला घाबरते, भोईरकाकीसुद्धा आधी मला विचारतात, असं बरंच काही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुतणीचा फोन आला.

निघताना मी म्हटलं होतं, “साठी उलटल्यावरही माणूस सुधारतो, मुकादमबाई. बघा माझ्याकडे.”

त्यांनी चाचपडून चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे खरोखरच बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “एका बाईवरून काही सांगता येत नाही, शिंदेबाई. पुढच्या वेळी अजून पाच-सहा जणी घेऊन या.”